कमांडची जागा आणि कामाची जागा

टर्मिनलवर एक ओळ टाइप करून चालवायच्या पायथन प्रोग्रॅमला कंट्रोलर कशाला हवेत, ही शंका या सभागृहात अनेकांच्या मनात असणार आणि ती रास्तच आहे. ही कल्पना मुळात पडद्यावरच्या खिडक्यांसाठी जन्माला आली. ट्रिग्वे रीन्सकाउग हे नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ १९७८-७९ मध्ये झेरॉक्स पार्क येथे पाहुणे संशोधक होते, तेव्हा त्यांनी स्मॉलटॉक या भाषेच्या संदर्भात मॉडेल (माहिती), व्ह्यू (तिचे दर्शन) आणि कंट्रोलर (वापरणाऱ्याच्या सूचना घेणारा भाग) ही विभागणी मांडली. पुढे वेबच्या चौकटींनी (फ्रेमवर्कनी) ती आपलीशी केली, आणि आता कंट्रोलर म्हटले की बहुतेकांना ब्राउझरच आठवतो. कमांड लाइनवर खिडक्या नसतात हे खरे. परंतु वापरणाऱ्याला काय हवे आहे ते समजून घेणे आणि ते प्रत्यक्ष करून देणे ही दोन कामे तेथेही वेगळीच असतात. माझा आजचा सगळा आग्रह या एका भेदापुरता आहे. कंट्रोलर ही कमांडची जागा आहे, कामाची नव्हे.

व्याख्यानाच्या पत्रकात मी तीन गोष्टींचे आश्वासन दिले आहे: कंट्रोलर एकात एक कसे रचावेत, सामाईक पर्याय (ऑप्शन) कोठे ठेवावेत आणि या सगळ्याची चाचणी कशी घ्यावी. त्या तिन्हींकडे मी येणार आहे. मात्र त्याआधी एक जुनी तक्रार मांडल्याशिवाय माझे समाधान होणार नाही, आणि जे माझ्या पूर्वीच्या व्याख्यानांना आले असतील त्यांना ती तोंडपाठ असेल. त्यांनी कृपया शेवट आधी सांगू नये.

पायथनच्या मानक ग्रंथालयात कमांड लाइन वाचण्याची साधने टप्प्याटप्प्याने आली. सी भाषेच्या वळणाचे गेटऑप्ट आधीपासून होते, २००३ मध्ये २.३ आवृत्तीबरोबर ऑप्टपार्स आले, आणि स्टीव्हन बेथर्ड यांनी लिहिलेले आर्गपार्स २०१० मध्ये २.७ आवृत्तीत व पुढच्या वर्षी ३.२ मध्ये दाखल झाले. ऑप्टपार्सला उपकमांड, म्हणजे मुख्य कमांडखालची कमांड, ठाऊकच नव्हती. त्यामुळे त्या काळात वाढलेल्या कितीतरी प्रोग्रॅमांनी एक पळवाट काढली: कमांड हीच एक पर्याय म्हणून द्यायची. '--मोड' असे लिहायचे, त्यापुढे आयात, पडताळणी, अहवाल किंवा छाटणी यांपैकी एक, आणि मुख्य फंक्शनमध्ये इफ-एलिफची रांग. ज्यांनी अशी रांग आयुष्यात कधी लिहिलेली नाही त्यांनी हात वर करावा. एकच हात दिसतो आहे, आणि तो बहुधा पंखा कमी करण्यासाठी वर झाला आहे.

अशाच एका प्रोग्रॅमची देखभाल माझ्याकडे आली. संस्थेचे नाव मी घेणार नाही. जुन्या नोंदी सांभाळणारे ते साधन ऑप्टपार्सवरून आर्गपार्सवर आणले गेले होते, परंतु त्याचा स्वभाव तोच राहिला होता. चारही कामांचे सगळे पर्याय एकाच पातळीवर होते. मदत मागितली की पडद्यामागून पडदे सरकत, आणि त्यातला कोणता पर्याय कोणत्या मोडसाठी आहे हे कंसातल्या सूचनांवरून ओळखावे लागे. '--फोर्स'चा अर्थ आयातीत 'आधीच्या नोंदीवर नवी लिहा' असा होता आणि छाटणीत 'खात्री न विचारता पुसून टाका' असा. छाटणीसाठी तारीख सक्तीची, पण अहवालासाठी ऐच्छिक. ही गोष्ट पार्सरला, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या भागाला, सांगण्याची सोयच उरलेली नव्हती, कारण पार्सरच्या दृष्टीने सगळे एकच होते. मग ती तपासणी मुख्य फंक्शनमध्ये हाताने लिहिलेली, आणि प्रत्येक नव्या मोडबरोबर ती तपासणीही वाढत गेलेली.

छाटणीचे काम रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून, आपोआप चालत असे. ते लावणाऱ्या गृहस्थांनी '--फोर्स' पूर्ण न लिहिता त्याची पहिली तीनच रोमन अक्षरे लिहिली होती: एफ, ओ, आर. आर्गपार्स हे चालवून घेते, कारण लांब पर्यायाचा आरंभ लिहिला आणि तो दुसऱ्या कशाशी जुळत नसेल, तर पूर्ण पर्याय लिहिला आहे असेच ते मानते. हा त्याचा मूळ स्वभाव आहे, कोणी मागितलेली सवलत नव्हे. त्यामुळे काम बिनबोभाट चालू राहिले. पुढे अहवाल विभागाला तक्ते वेगळ्या रूपात हवे झाले आणि कोणीतरी अत्यंत सद्हेतूने '--फॉरमॅट' हा नवा पर्याय जोडला. त्याचीही पहिली तीन रोमन अक्षरे एफ, ओ, आर. छाटणीच्या संहितेला कोणी हातही लावला नव्हता, तरी त्या रात्री छाटणी बंद पडली. ही तीन अक्षरे दोन पर्यायांशी जुळतात, नक्की कोणता ते कळत नाही, असा संदेश देऊन आर्गपार्सने २ हा निर्गम संकेत (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा) परत केला, जो ते वापराच्या सर्वच चुकांसाठी परत करते. क्रॉनच्या ओळीत मात्र सगळा मजकूर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे जेथे टाकलेले नाहीसे होते तेथे, ओतून दिलेला होता, आणि निर्गम संकेत कोणी पाहत नव्हते. डिस्क भरल्यावर सगळ्यांना कळले.

यानंतर झालेली बैठक मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या बैठकीत दोन निर्णय झाले. नव्या पर्यायाचे नाव बदलावे हा पहिला. आणि यापुढे कोणत्याही पर्यायाचे नाव त्या तीन अक्षरांनी सुरू करू नये अशी सूचना माहितीपत्रकात घालावी हा दुसरा. काही महिन्यांत त्या माहितीपत्रकात निषिद्ध अक्षरांचा एक छोटासा तक्ता तयार झाला. अहवालाच्या पर्यायाचे नाव ठरवताना छाटणीच्या क्रॉनचा विचार का करावा लागतो, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. माझी तक्रार त्या तीन अक्षरांबद्दल नाही, तर या न पडलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आता कोणी जाणकार म्हणतील की आर्गपार्समध्ये संक्षेप बंद करण्याची सोय ३.५ आवृत्तीपासून आहे. आहे, आणि ती जरूर वापरावी. पण ३.८ येईपर्यंत ती बंद केली की एकत्र लिहिलेले आखूड, एकाक्षरी पर्यायही चालेनासे होत, म्हणजे 'व्ही' दोनदा लागोपाठ लिहून अधिक तपशील मागता येत नसे. शिवाय प्रत्येक उपपार्सरला (उपकमांडच्या पार्सरला) ती सूचना वेगळी द्यावी लागते, मुख्य पार्सरकडून ती वारशाने मिळत नाही. मुळातला उपाय वेगळाच आहे: छाटणीचे पर्याय छाटणीकडे आणि अहवालाचे अहवालाकडे असावेत. उपकमांडचा पार्सर स्वतंत्र असतो, त्यामुळे एकाचा '--फोर्स' आणि दुसऱ्याचा '--फॉरमॅट' यांची गाठच पडत नाही, आणि तारीख छाटणीत सक्तीची आहे हे पार्सरलाच सांगता येते.

आर्गपार्सच्या अधिकृत माहितीत यासाठी दाखवलेली रीत अशी आहे की प्रत्येक उपपार्सरला एक फंक्शन बांधून ठेवावे आणि शेवटी जे हाती येईल ते बोलवावे. चार-पाच कमांडपर्यंत मी स्वतः हेच करतो आणि त्यापलीकडे कोणती चौकट आणण्याची गरज मला वाटत नाही. कमांड वाढू लागल्या की मात्र पर्यायांची नोंद फाइलच्या एका टोकाला आणि ते वापरणारे फंक्शन दुसऱ्या टोकाला, अशी ताटातूट होते. त्यात एक जुना खोडसाळपणाही आहे: पायथन ३ मध्ये उपकमांड सांगितल्याशिवाय सक्तीची नसते, त्यामुळे नुसते प्रोग्रॅमचे नाव टाइप केले तर बांधलेले फंक्शन सापडत नाही आणि मदतीऐवजी वापरणाऱ्यासमोर ट्रेसबॅक, म्हणजे चुकीचा तांत्रिक तपशील, येतो. सक्ती करण्याचा पर्याय उपपार्सरांच्या नोंदीत ३.७ पासून थेट देता येतो. तो विसरू नये.

ही ताटातूट कंट्रोलर मिटवतो. सिमेंट नावाच्या चौकटीत, तिच्या तिसऱ्या आवृत्तीत, कंट्रोलर हा एक क्लास असतो. त्याच्या आत मेटा नावाचा छोटा क्लास, त्यात या कंट्रोलरचे लेबल आणि त्याचे सामाईक पर्याय. आणि ज्या मेथडवर (क्लासमधल्या फंक्शनवर) 'एक्स' हा डेकोरेटर, म्हणजे वरच्या ओळीत लिहायची खूण, लावला ती कमांड झाली. कमांडचे नाव मेथडच्या नावावरून येते, अंडरस्कोअरच्या जागी डॅश घालून, आणि त्या एका कमांडचे खास पर्याय त्या डेकोरेटरमध्येच लिहिता येतात. नोंद आणि अंमल एकमेकांच्या डोळ्यांसमोर राहतात. कमांड दिलीच नाही तर काय करायचे, यासाठी आधी अंडरस्कोअर लावलेल्या डिफॉल्ट नावाची मेथड असते. ही कल्पना पायथनमध्ये अगदी परकी आहे असे समजू नये: मानक ग्रंथालयातल्या सीएमडी या मॉड्यूलमध्ये 'डू'ने सुरू होणारी प्रत्येक मेथड ही एक कमांड होते, आणि ते मॉड्यूल आर्गपार्सपेक्षा पुष्कळ जुने आहे. क्लिक नावाच्या ग्रंथालयामध्ये, जे आर्मिन रोनाखर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले, हेच काम फंक्शन आणि गट यांनी होते. क्लास हवा की फंक्शन, यावर मी वाद घालत नाही. जेवणाची सुट्टी वाद घालण्यासाठीच असते.

साधनापेक्षा कठीण प्रश्न असा की कोणती कमांड कोणत्या कंट्रोलरमध्ये जावी. माझे मत ठाम आहे: ज्या वस्तूवर क्रिया होते त्या वस्तूनुसार गट करावेत, क्रियेनुसार नव्हे. 'तयार करा' या नावाचा कंट्रोलर काढून त्यात सगळ्या वस्तूंची निर्मिती कोंबली, तर एका वस्तूत बदल झाला की सगळे कंट्रोलर उघडावे लागतात. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या १.१३ आवृत्तीने जानेवारी २०१७ मध्ये नेमके असे वस्तूनुसार गट केले. एका पातळीवर पसरलेल्या कमांड कंटेनर, इमेज अशा वस्तूंच्या नावांखाली आणल्या. परंतु कंटेनरांची यादी दाखवणारी जुनी 'डॉकर पीएस' त्यांनी काढली नाही, कारण ती असंख्य स्क्रिप्टांत आणि त्याहून अधिक बोटांत बसलेली होती. संहितेच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत 'चेकआउट'च्या दोन वेगळ्या कामांसाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' या दोन कमांड आणल्या, आणि 'चेकआउट' मात्र होती तशीच ठेवली. क्लासची आतली रचना हवी तेव्हा बदलता येते, टर्मिनलवर दिसणारे नाव तसे बदलता येत नाही. म्हणून कंट्रोलरची आखणी करताना आधी मदतीचा मजकूर लिहावा आणि मग क्लास.

संयोजकांनी मघाशी घड्याळ दाखवले होते आणि आता ते स्वतःच उभे राहिले आहेत. पत्रकातल्या तीन गोष्टी आता धावतच सांगाव्या लागतील.

पहिली, रचना. सिमेंटमध्ये एक कंट्रोलर दुसऱ्यावर दोन प्रकारे बसतो. 'नेस्टेड' असला तर त्याचे लेबल हीच एक उपकमांड होते आणि त्याच्या कमांड तिच्याखाली जातात. 'एम्बेडेड' असला तर त्याच्या कमांड आणि पर्याय थेट पालकाच्या पातळीवर दिसतात. वापरणाऱ्याला वेगळी वस्तू दिसायला हवी असेल तर नेस्टेड. फाइल मोठी झाली म्हणून फक्त आपल्या सोयीसाठी विभागायची असेल, किंवा एखाद्या प्लगिनला (बाहेरून जोडलेल्या भागाला) मूळ पातळीवरच कमांड जोडायची असेल, तर एम्बेडेड. एम्बेडेडमध्ये नावे आणि पर्याय पुन्हा एकाच पातळीवर येतात, म्हणजे मघाचा अक्षरांचा तक्ता मागच्या दाराने परत येऊ शकतो. नेस्टेडच्या दोनपेक्षा जास्त पातळ्या मात्र मी कधीही करू देत नाही.

दुसरी, सामाईक पर्याय. '--व्हर्बोज'सारखा पर्याय मुख्य पार्सरवरही आणि उपपार्सरवरही एकाच नावाने ठेवला, तर आर्गपार्समध्ये एक चकवा आहे: वापरणाऱ्याने तो उपकमांडच्या आधी लिहिला तरी उपपार्सरचे मूळ मूल्य नंतर येऊन त्याला पुसून टाकते. उपपार्सरच्या बाजूला मूळ मूल्य म्हणून आर्गपार्सचा 'सप्रेस' हा स्थिरांक दिला की हे टळते. त्याहून बरे म्हणजे तो पर्याय एकाच जागी ठेवावा, आणि ती जागा मूळ कंट्रोलर. दोन-तीनच कमांडना लागणारा पर्याय मात्र मूळ कंट्रोलरवर चढवू नये. तो त्यांच्या सामाईक कंट्रोलरवर राहावा.

तिसरी, चाचणी, आणि तेथेच माझा मूळ आग्रह कसाला लागतो. कंट्रोलर हा खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखा असावा: अर्ज घ्यायचा, पूर्ण भरला आहे का ते पाहायचे, आत द्यायचा आणि आलेले उत्तर बाहेर सरकवायचे. पर्याय वाचणे, एक साधे फंक्शन बोलवणे, निकाल रेंडर करणे (दाखवायच्या रूपात आणणे) आणि निर्गम संकेत ठरवणे, एवढ्यात मेथड संपली पाहिजे. आतल्या फंक्शनला पार्सरची वस्तू कधीही देऊ नये. त्याला तारीख द्यावी, मार्ग द्यावा, हो-नाही द्यावे. मग खऱ्या कामाच्या चाचण्या टर्मिनलचे नावही न घेता लिहिता येतात, आणि कंट्रोलरच्या चाचण्या थोड्याच उरतात. सिमेंटमध्ये ॲपला शब्दांची यादी थेट देऊन ते चाचणीतच चालवता येते, आणि शेवटचे रेंडर केलेले माहितीरूप (मांडणीआधीची मूळ माहिती) व मजकूर दोन्ही ॲपकडून परत मागता येतात. मजकुरापेक्षा माहितीरूप तपासावे, म्हणजे रकाना रुंद केला म्हणून चाचणी मोडत नाही. चुकीच्या वापराचीही एक चाचणी असू द्यावी. पार्सर तेथे सिस्टिमएक्झिट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणारा अपवाद, उठवतो. तो पकडून त्यातला संकेत २ आहे ना, हे पाहावे. आणि ज्यांच्याकडे रात्रीची क्रॉन आहे, त्यांनी तिच्यातली ओळ जशीच्या तशी उचलून चाचणीत ठेवावी, संक्षेपांसह.