असू दे बरोबर, लागलं तर!

(दृश्य : जमिनीवर अंथरलेली चादर. सॅकमधून एकेक वस्तू बाहेर येऊन तिच्यावर मांडली जाते.)

रस्त्यावरची माणसं कॅमेऱ्यात टिपत फिरताना ही सॅक मी दोन वर्षं पाठीवर वागवली. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे. जवळचं, मधलं आणि लांबचं टिपणाऱ्या तीन झूम लेन्स. फ्लॅश. ट्रायपॉड. चेन कशीबशी ओढून सॅक वजनकाट्यावर ठेवली, तर आकडा आला 7 किलो 600 ग्रॅम. यातली प्रत्येक वस्तू आत शिरली ती एकाच वाक्याच्या जोरावर: "असू दे बरोबर, लागलं तर!"

लागायची का? लांबची झूम वर्षातून दोनदा. फ्लॅश रस्त्यावर एकदाच काढला. समोरचा माणूस असा दचकला की पुढचा अर्धा तास हातातलं काम सोडून माझ्याकडेच बघत राहिला. फ्लॅश परत आत गेला, तो कायमचा.

ओझ्याचं दुखणं मात्र लगेच कळत नाही. पहिल्या तासात माणूस उत्साहात असतो. तिसऱ्या तासाला खांद्याला रग लागते, आणि नजर चेहऱ्यांवरून निसटून बसायला कट्टा कुठे आहे ते शोधायला लागते. चार वाजले की अंगात त्राण नसतं. उन्हं कलतात, सावल्या लांब होतात, माणसं कामावरून परतायला लागतात, आणि नेमके तेव्हा आपण घरचा रस्ता धरलेला असतो. एकदा एडिटिंगला बसलो तेव्हा हे ध्यानात आलं. माझ्या दोन वर्षांच्या फुटेजमध्ये संध्याकाळ जवळपास नव्हतीच.

(दृश्य : जुन्या छोट्या फिल्म कॅमेऱ्याचा क्लोज-अप. फिल्म पुढे सरकवणारी बोटं.)

ओझ्याला कंटाळलेला मी काही पहिला नाही. ऑस्कर बार्नाक नावाचा एक जर्मन तंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा त्रास, फोटोग्राफीची हौस आणि काचेच्या प्लेटांचे ते धिप्पाड कॅमेरे. त्याने सिनेमाची 35 मिमी फिल्म घेतली, ती आडवी चालवली, सिनेमाच्या फ्रेमच्या दुप्पट, म्हणजे 24 बाय 36 मिलिमीटरची फ्रेम ठरवली आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. 1925 मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला. आज डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला 'फुल फ्रेम' म्हणून ज्याचा रुबाब करतो, ते माप हेच. पुढे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने आपल्या लायकाचे चकचकीत भाग काळ्या टेपने झाकून टाकले आणि बहुतेक काम एका 50 मिमी लेन्सवर केलं.

चालत्या चित्राला हे स्वातंत्र्य उशिरा मिळालं, कारण तिथे आवाज आडवा येत होता. चित्राशी जुळणारा आवाज हवा, तर अवजड यंत्रं आणि केबलींचं जंजाळ आलंच. 1960 च्या आसपास दोन गोष्टी जुळून आल्या: खांद्यावर घेता येणारे 16 मिमीचे कॅमेरे, आणि स्टेफान कुडेल्स्कीचा नाग्रा हा खांद्याला अडकवता येणारा टेप रेकॉर्डर. एकाकडे कॅमेरा, दुसऱ्याकडे आवाज. 400 फुटांची फिल्म 11 मिनिटांत संपायची, तरी ही जोडी गर्दीत, गाडीत, लोकांच्या घरात शिरली. एवढं सामान कमी केलं त्यांनी, पण आवाजाचा माणूस घरी ठेवला नाही.

आपण नेमकं उलटं करतो. बॅग हलकी करायची ठरली की पहिला बळी माईकचा.

मीही दिला होता. फुटपाथवर टेबल टाकून बसणारा एक म्हातारा घड्याळजी. डोळ्याला भिंग, समोर रिकाम्या घड्याळांचा ढीग. एकदा बोलायला लागला तो बारा मिनिटं थांबला नाही. चित्र सुरेख आलं होतं. कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकवर काय आलं? वारा, हॉर्न, आणि या सगळ्यावर लेन्सच्या मोटरची बारीक किरकिर. चित्र थोडं बिघडलं तर त्यावर हातांचा, टेबलाचा, रस्त्याचा शॉट लावून निभावता येतं. बोलणंच ऐकू आलं नाही, तर लावणार काय?

(दृश्य : चादरीवरच्या बहुतेक वस्तू बाजूला सरकतात. एक साधी पिशवी पुढे येते.)

आता एक बॉडी आणि एक 35 मिमी लेन्स. झूम नाही, त्यामुळे जवळचं हवं असेल तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की बोलावंही लागतं. ते बरंच असतं.

(दृश्य : लेन्सच्या कड्यावर पांढऱ्या टेपचा तुकडा, त्यावर पेनाची रेघ.)

ही रेघ 3 मीटर अंतराची. फुल फ्रेमवर एफ 8 (म्हणजे लेन्सचं भोक बरंच लहान) ठेवून फोकस इथे लावला, की साधारण 1.9 मीटरपासून 7 मीटरपर्यंत सगळं नजरेला स्पष्ट दिसतं. रस्त्यावर घडणारं बहुतेक याच पट्ट्यात घडतं. कडं हाताने फिरवून थेट काच हलणारी लेन्स असेल तरच ही रेघ कामाची. नव्या लेन्समधलं इलेक्ट्रॉनिक कडं कितीही फिरतं, तिथे अंतर स्क्रीनवर बघूनच ठरवायचं.

व्हिडिओत एक मेख आहे. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर हालचाल सहज दिसायला शटर 1/50 सेकंदाच्या आसपास लागतं. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) 100 आणि एफ 8 असेल, तर शटर 1/400 मागतं. मधला फरक तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणून लेन्सपुढे एनडी 8 फिल्टर, प्रकाश आठपट कमी करणारी काळसर काच. लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर जुळवायचे अशा फिकट चित्रात शूट करता आणि त्याचा मूळ (बेस) आयएसओ 800 आहे? मग आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी 64. म्हणून एक चांगला कमीजास्त होणारा एनडी. तो लेन्सवरच असतो, पिशवीत त्याला जागा लागत नाही.

ट्रायपॉड घरी. पट्टा मानेत घालायचा, कॅमेरा पुढे ढकलून पट्टा ताणायचा, कोपरं बरगड्यांना टेकवायची. दहा सेकंद श्वास सांभाळला की काम होतं. भिंत मिळाली तर तिला पाठ लावायची.

आवाजाला मात्र हात आखडता नाही. कॅमेऱ्यावर छोटा माईक, त्याला केसाळ टोपी, नाहीतर वारा सगळं खाऊन टाकतो. शिवाय खिशात मावणारा रेकॉर्डर आणि कॉलर माईक. दोन्ही मिळून सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. लावण्यापूर्वी विचारायचं, आणि दोन सेकंद का होईना, कानाला हेडफोन लावून ऐकायचं.

कार्डं 64 जीबीची तीन. सेकंदाला 100 मेगाबिट (एमबीपीएस) धरले तर तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे एका कार्डात 85 मिनिटं. एकच मोठं कार्ड का नाही? ते गेलं की अख्खा दिवस गेला. जादा बॅटऱ्या दोन आणि एक पॉवर बँक. भरलेली बॅटरी टोपणासह उजव्या खिशात, संपलेली डाव्या. विमानप्रवास असेल तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच लागतात. 100 वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगीचा प्रश्न येत नाही, आणि कॅमेऱ्याची बॅटरी त्याच्या जवळपासही जात नाही.

(दृश्य : पिशवी काट्यावर. 1 किलो 830 ग्रॅम.)

पिशवी धरून एवढं.

(दृश्य : फुटपाथ. उतरतं ऊन. घड्याळजीचं टेबल.)

मग मी त्याच्याकडे परत गेलो. या वेळी कॉलर माईक लावला, रेकॉर्डर त्याच्या सदऱ्याच्या खिशात सरकवला. पूर्वीचं सगळं तो पुन्हा बोलला नाही, ते कोणीच बोलत नाही. निराळंच काही बोलला, थोडं. पावणेसातला त्याने भिंग पुसलं, घड्याळं एकेक करून डब्यात ठेवली, डब्याची कडी लावली. खट्. टेबल उचलून तो निघाला. मी तो पाठमोरा शॉट घेत राहिलो, आणि तो कोपऱ्यावर वळला तेव्हा आठवलं, रेकॉर्डर त्याच्याच खिशात आहे.

पळालो. पाठीवर काही नव्हतं, म्हणून गाठलंही.

(दृश्य : काळा पडदा. फक्त आवाज: पावलं, डब्यातली घड्याळं, कोणीतरी हलकेच गुणगुणतंय. मग मागून जवळ येणारी धावती पावलं, आणि धाप.)