एक पिक्सेल, एक गुंठा

[पडद्यावर: येळ्ळूर शिवार, सकाळ. बांधावरून चालणारे पाय, मागं राजहंसगड]

नमस्कार मंडळी. हा मागं दिसतोय तो राजहंसगड आणि खाली पसरलंय ते आपल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, इथनं पुढं अनगोळ, वडगाव, शहापूर असं शिवाराला शिवार लागून आहे आणि पावसाळ्यात जिकडं बघाल तिकडं भात. पाऊस लागून राहिला की बळ्ळारी नाल्याला पाणी चढतं, ते रानात शिरतं, चार दिवस बसतं, कधी आठ दिवस बसतं आणि खालचं भात कुजून जातं. मग गावात एकच चर्चा, किती एकर बुडालं? पारावर विचारलं तर एक आकडा, दुधाच्या डेअरीवर विचारलं तर दुसरा. मी कॉम्प्युटरवाला माणूस, मला वाटलं हे तर सॅटेलाइटच्या फोटोवरनं मोजता येईल की, वरनं बघितल्यावर कुणाचा आकडा खरा ते कळेलच. म्हणून लॅपटॉपवर क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ मध्ये सुरू केलं आणि आज जगभरातली माणसं मिळून ते वाढवतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण चालतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती कळल्यावर मी खुर्चीतनं उठलोच होतो. युरोपचा सेंटिनेल-२ नावाचा सॅटेलाइट आहे, त्याचे फोटो कुणालाही फुकट मिळतात, तो प्रत्येक रंगाचा वेगळा फोटो काढतो, त्याला बँड म्हणतात, आणि त्यातल्या चांगल्या बँडचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर. म्हणजे १०० चौरस मीटर. आणि आपला गुंठा किती? १०१ चौरस मीटर आणि थोडं वर. म्हणजे जवळजवळ एक पिक्सेल एक गुंठा! चाळीस पिक्सेल मोजले की एकर. हे असं आपल्या मापात कुणी मुद्दाम बसवलेलं नाही, आपसूक बसलंय, पण शेतकऱ्याला समजावून सांगायला याच्यापेक्षा सोपं काय असणार.

[पडद्यावर: लॅपटॉप, फोटोवर चौकोन चौकोन, त्यावर बोट]

तर मी काय केलं, ब्राउजरमधनं एक स्वच्छ दिवसाचा फोटो उतरवला, क्यूजीआयएसमध्ये ओढला, आमच्या थोरल्या काकांच्या रानाभोवती रेघ मारली आणि आतले पिक्सेल मोजले. १३० गुंठे आले. संध्याकाळी काकांना दाखवायला घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावला, नकाशा बराच वेळ बघितला, बांध ओळखला, कडेचं आंब्याचं झाड ओळखलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर हाय, खरं आमचं रान तीन एकर. उताऱ्यात तीन एकर, आमच्या बाबांनी साखळी लावून घेतलंय ते पण तीन एकर. तीन एकराचं एकशेवीस गुंठं हुतंय. हे वरचं दहा गुंठं कुठनं आणलास रे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि तोपर्यंत मी अख्ख्या शिवाराचा बुडालेला आकडा चार जणांना सांगून बसलो होतो, त्यातला एकजण तो अर्जात लिहायला निघाला होता. रात्री झोप आली नाही खरंच. कारण शंभर एकराच्या जागी कुणी एकशेआठ लिहिलं आणि तपासणाऱ्याला ते सापडलं, तर बाकीच्या शंभरावर पण तो विश्वास ठेवत नाही.

चूक सापडली ती पण गमतीशीर ठिकाणी सापडली. त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच रेघेचं क्षेत्रफळ ॲट्रिब्यूट टेबलमध्ये, म्हणजे रेघेच्या माहितीच्या तक्त्यात, डॉलर एरिया हा फॉर्म्युला लिहून काढलं तर १२० च्या आसपास येत होतं, आणि रास्टरच्या, म्हणजे चौकोनाचौकोनांच्या फोटोच्या, पिक्सेलचा रिपोर्ट काढला तर १३०. एकाच रानाची दोन मापं! तेव्हा लक्षात आलं की घोळ प्रोजेक्शनचा आहे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीचा.

बघा, पृथ्वी गोल, कागद सपाट. संत्र्याची साल सोलून टेबलावर दाबून बसवायला गेलं की ती कुठंतरी फाटते नाहीतर ताणली जाते, तसंच आहे. मोबाइलवर आपण जे नकाशे बघतो ते बहुतेक वेब मर्केटर नावाच्या प्रोजेक्शनमध्ये असतात, त्याचा नंबर ईपीएसजी ३८५७, ईपीएसजी म्हणजे अशा प्रोजेक्शनना नंबर दिलेली यादी. त्यात विषुववृत्तापासनं जसजसं लांब जाल तसतशी जमीन फुगते. ग्रीनलँड त्यात आफ्रिकेएवढं दिसतं ते त्यामुळंच. आपण काही ग्रीनलँडला नाही, आपण जवळजवळ सोळा अंशावर, म्हणून आपल्याकडं फुगवटा साधारण आठ टक्केच. खरं आठ टक्के म्हणजे तीन एकराला साडेनऊ गुंठे! काकांचे वरचे दहा गुंठे हेच. डॉलर एरियावालं गणित पृथ्वीचा गोल आकार धरून चालतं म्हणून ते बरोबर होतं, आणि रास्टरचा रिपोर्ट बिचारा फाइलमध्ये जे मीटर लिहिलेत तेच धरून गुणाकार करतो.

मग आपल्यासाठी बरोबर प्रोजेक्शन कुठलं? यूटीएम. यात पृथ्वीच्या सहा-सहा अंशाच्या उभ्या फाका केल्यात, एकूण ६०. आपली फाक ४३ नंबरची, ७२ ते ७८ अंश रेखांश, मधली रेघ ७५ अंशावर, आणि बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास म्हणजे मधल्या रेघेच्या अगदी शेजारी. खानापूर असो, निपाणी असो, चिकोडी असो, सगळे याच फाकेत. नंबर ईपीएसजी ३२६४३, हा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. यात काकांच्या तीन एकराला फरक पडतो दहा चौरस मीटरपेक्षा कमी, म्हणजे गुंठ्याचा दहावा हिस्सा पण नाही.

[पडद्यावर: मेनू उघडतो, कर्सर हळू हळू]

आता इथं जो खड्डा आहे त्यात मी पण पडलोय आणि मला विचारायला येणारी निम्मी पोरं पण पडतात. लेयरवर राइट क्लिक केलं की सेट सीआरएस म्हणून एक ऑप्शन दिसतो, सीआरएस म्हणजे फाइल कुठल्या प्रोजेक्शनमध्ये आहे ते, आपल्याला वाटतं इथं ३२६४३ टाकलं की झालं. तसं होत नाही! ते नुसतं पाटी बदलणं आहे, आतला माल तोच राहतो. समजा फाइल अंशांमध्ये आहे, बेळगावचा आकडा ७४.५ आणि १५.८५ असा आहे, आणि तुम्ही वर मीटरची पाटी लावली, तर सॉफ्टवेअर म्हणतं बरं, साडेचौऱ्याहत्तर मीटर आणि जवळजवळ सोळा मीटर, आणि तुमचं शिवार उचलून नेऊन टाकतं विषुववृत्ताजवळ, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात. आणि एक अंशाचा एक मीटर झालेला असतो, म्हणजे अख्खा बेळगाव तालुका हातरुमालाएवढा. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, माणूस म्हणतो फाइल करप्ट आहे.

खरं बदलायचं असेल तर वरच्या रास्टर मेनूत जायचं, प्रोजेक्शन्स, आणि त्यात वॉर्प. याच्या पोटात काम करतो तो जीडाल, फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये लिहायला घेतलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरनी वापरायचा तयार कोड, आज जगातली कितीतरी नकाशाची सॉफ्टवेअर त्याच्यावर उभी आहेत. वॉर्प काय करतो, तर नव्या मापाची रिकामी जाळी टाकतो आणि प्रत्येक नव्या चौकोनासाठी जुन्या फोटोत बघून येतो की इथं काय किंमत होती. जुना चौकोन आणि नवा चौकोन तंतोतंत एकावर एक बसत नाहीत, मग किंमत कुणाची घ्यायची? शेजारच्या एकाची, की चार जणांची सरासरी? हे रीसॅम्पलिंग, आणि हे ठरवायचं तुम्ही.

याचं एक उदाहरण दाखवतोच. सेंटिनेल-२ बरोबर एक वर्गवारीची फाइल येते, त्यात प्रत्येक पिक्सेलला नंबर असतो, ४ म्हणजे हिरवळ, ५ म्हणजे उघडी जमीन, ६ म्हणजे पाणी. मी ती बायलिनियर लावून वॉर्प केली, म्हणजे सरासरीवाली. झालं काय, नाल्याच्या काठाला एका बाजूला ४ आणि एका बाजूला ६, सरासरी ५! नाल्याच्या दोन्ही अंगाला उघड्या जमिनीची पट्टी उगवली, जी तिथं नाहीच, मी रोज त्या काठानं जातो. म्हणून नंबर जर नाव म्हणून वापरलेले असतील तर नियरेस्ट नेबर, म्हणजे सगळ्यात जवळच्या एकाचीच किंमत, आणि उंचीसारखी हळूहळू बदलणारी गोष्ट असेल तर बायलिनियर किंवा क्युबिक.

आणि माझं मत विचाराल तर सेंटिनेल-२ च्या मूळ बँडना वॉर्प करूच नका. ते आधीच ३२६४३ मध्ये येतात हो! मी ब्राउजरमधनं तयार चित्र उतरवलं म्हणून फसलो. मूळ बँड कोपर्निकसच्या, म्हणजे सेंटिनेल चालवणाऱ्या युरोपच्या कार्यक्रमाच्या, साइटवर खातं काढून उतरवा, त्याला हात लावू नका, आणि बाकी जे काय आहे ते त्याच्यापाशी आणा. उंचीचा डेटा, २००० साली स्पेस शटलनं अकरा दिवसांत मोजलेला एसआरटीएम, तो अंशांमध्ये येतो, त्याला नक्की वॉर्प करा, नाहीतर उताराचा नकाशा काढला की उभ्याचे मीटर आणि आडव्याचे अंश, आमचं सपाट येळ्ळूर शिवार सगळं राजहंसगडाच्या कड्यासारखं उभं दिसतं.

एक आपल्या जिल्ह्यापुरतं. या फोटोंचे तुकडे असतात, आणि नावातलं अक्षर १६ अंश अक्षांशाला बदलतं, खाली पी आणि वर क्यू. ही रेघ शहरापासनं उत्तरेला पंधरा-सतरा किलोमीटरवर, हायवेनं संकेश्वरकडं निघालं की लागते. बेळगाव, खानापूर पी मध्ये, निपाणी, चिकोडी क्यू मध्ये. घाबरू नका, प्रोजेक्शन दोन्हीचं तेच, नुसतं मर्ज करायचं.

[पडद्यावर: पाण्यातलं भात, वाकलेली लोंबी. आवाज फक्त पाण्याचा, थोडा वेळ]

पाणी कसं ओळखायचं? हिरव्या बँडमधनं इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा बँड, वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं, रास्टर कॅलक्युलेटरमध्ये एक ओळ. पाणी इन्फ्रारेड गिळून टाकतं म्हणून पाण्याचा आकडा शून्याच्या वर जातो. एवढं सोपं आहे, पण भाताचं रान आहे हे विसरायचं नाही. लावणीनंतर रानात पाणी असायलाच पाहिजे! जुलैत फोटो काढला तर सगळं शिवार पाणी दाखवणार, त्यातलं कुठलं काकांनी बांध घालून धरलेलं आणि कुठलं नाल्यानं आणून टाकलेलं, हे सॅटेलाइट कसं सांगणार. त्यासाठी पुराच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो दोन्ही लागतात, आणि लावणी कधी झाली हे रानवाल्याला विचारावं लागतं.

दोन फोटो घेताना अजून एक. २५ जानेवारी २०२२ पासनं सेंटिनेल-२ च्या आकड्यांमध्ये हजार मिळवलेले असतात. फाइलच्या नावात एन०४०० किंवा त्याच्या पुढचा नंबर असेल तर आधी हजार वजा करा. नाही केलं तर काय होतं बघा, चांगलं भात, लाल बँड ४००, इन्फ्रारेड २४००, हिरवाईचा आकडा, म्हणजे इन्फ्रारेडमधनं लाल वजा करून दोघांच्या बेरजेनं भागलं की येतो तो, ०.७१ यायला पाहिजे. हजार राहिले तर १४०० आणि ३४००, आकडा येतो ०.४२. उभं तजेलदार पीक कागदावर आजारी! जुन्या वर्षाशी तुलना करून कुणी म्हणेल पीक अर्धं गेलं, आणि गेलेलं काहीच नाही.

आणि ढग. पाणी चढतं तेव्हाच आकाश भरलेलं असतं, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा सेंटिनेल-१, हा रडारवाला, ढगातनं आरपार बघतो. शांत पाण्यावरनं रडार आरशासारखं पलीकडं निघून जातं म्हणून पाणी काळं दिसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदम आल्या तेव्हाचे ते फोटो आजही उतरवता येतात, चिकोडीकडचे ते काळे पट्टे बघितले की पोटात गोळा येतो. खरं सपाट गुळगुळीत काहीही काळं दिसतं, सांबऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी पण. हे फोटो स्नॅप नावाच्या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टेरेन करेक्शन करून, म्हणजे डोंगर-उतारामुळं सरकलेलं चित्र जागेवर बसवून घ्यावे लागतात, तिथंच प्रोजेक्शन विचारतो, तिथंच ३२६४३ द्या.

[पडद्यावर: काका आणि निवेदक बांधावर, हातात प्रिंट]

मूळ बँड घेऊन मी सगळं परत केलं. काकांच्या रानाचे बांधावरनं चालत फोनवर पॉइंट घेतले, पिक्सेल मोजले, गुंठ्यात केले, ११८ आले. परत गेलो. काका म्हणाले, "आता दोन कमी."

यावेळी मला उत्तर ठाऊक होतं. प्रिंट बांधावर पसरली आणि कडेचे चौकोन दाखवले, अर्धा रानात, अर्धा बांधावर, मोजणीत ज्याचा मध्य आत तो आत, ज्याचा मध्य बाहेर तो बाहेर. फोनचा जीपीएस पण तीन-चार मीटर इकडं तिकडं होतो. तीन एकराला दोन गुंठे म्हणून चालतात. पण शेजारच्या काकूंची पट्टी आहे दहा-बारा मीटर रुंद आणि लांबच लांब, तिथं जवळजवळ प्रत्येक चौकोन कडेचाच, त्यांच्या पट्टीचा आकडा मी काढला नाही, काढणार पण नाही, तिथं टेपच धरायची.

काकांनी खिशातनं पेन काढलं, प्रिंटवर वाकले आणि नाल्याच्या वळणापाशी एक रेघ मारली. "पाणी पयलं हितनं शिरतंय. तुझ्या फोटूत हितं काय दिसतंय ते बघ."

घरी येऊन बघितलं. तीन चौकोन, आजूबाजूच्यापेक्षा गडद, बाकी रान हिरवं असताना.