फुटलेल्या परीक्षानळीचा हिशेब

(सांगलीत शिक्षक आणि देणगीदारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘ग्रामीण विज्ञान शिक्षण : आव्हाने आणि संधी’ असा छापलाय. तो मी दिलेला नाही आणि त्यावर बोलणारही नाही. मी बोलणार आहे कपाटाच्या कुलपाविषयी.

जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या हायस्कुलात जा. प्रयोगशाळा नसली तरी काचेचं एक कपाट असतंच. आत चंचुपात्रं, परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक, तराजू. बाहेर कुलूप. किल्ली विज्ञानाच्या सरांकडे. सर कपाट उघडत नाहीत, कारण त्यांना आस्था नाही, असं बाहेरची माणसं फटकन बोलून जातात. मला ते पटत नाही. सूक्ष्मदर्शक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलेला असतो. तो बिघडला तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून उतरवण्याचा, प्रस्ताव करा, ठराव घ्या, मंजुरीची वाट बघा. बदली झाली की चार्ज देताना नग मोजून द्यायचे. ज्यानं एकदा असा चार्ज देताना घाम गाळलाय, तो सातवीच्या साठ पोरांच्या हातात तराजू देईल? आणि ही धास्ती सूक्ष्मदर्शकापुरती राहत नाही. दहा-पंधरा रुपयांच्या नळीपर्यंत उतरते.

म्हणून आपल्या संस्थेनं सुरुवातीलाच एक ठरवलं. शाळेला साहित्य भेट द्यायचं नाही, वापरायला द्यायचं. साहित्याची पेटी संस्थेच्या नावावर राहते आणि शाळेशाळेत फिरते. शाळेच्या रजिस्टरला काही चढत नाही, त्यामुळे उतरवायचाही प्रश्न नाही. पेटीत एक वही असते, तिला पोरं ‘फुटतूट वही’ म्हणतात. त्यात किमतीचा रकाना नाही. तारीख, वस्तू आणि ‘कशी फुटली?’ एवढंच. एका मुलानं लिहिलंय, ‘नळी तापवली आणि लगेच गार पाण्यात धरली. टक् आवाज आला.’ खाली बाईंनी लाल पेनानं विचारलंय, ‘का?’ त्याच्याखाली दुसऱ्याच अक्षरात उत्तर आहे : बाहेरची काच आधी आकसली, आतली अजून गरमच होती. उष्णतेच्या धड्याला यापेक्षा वेगळं काय हवं हो?

आता हळदीचं सांगतो. सांगलीत उभं राहून हळदीवर बोलणं म्हणजे धाडसच, इथे समोर अर्धे लोक हळदीच्या पेठेतले बसलेत. हळदीचा दर्शक कागद सगळ्यांना माहीत आहे. स्पिरिटमध्ये हळद कालवायची, गाळणकागद बुडवून वाळवायचा. साबणाचं पाणी किंवा चुन्याची निवळी लावली की तो लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा. आपल्या आयाबायांना हे पुस्तकाआधीच ठाऊक असतं, हळदीचा डाग साबण लावल्यावर कसा रंगतो ते त्यांनी रोज पाहिलेलं असतं.

कृष्णाकाठच्या एका गावातली आठवीतली मुलगी हा कागद घरी घेऊन गेली. त्यांचं रान क्षारपड, म्हणजे क्षार साचून बिघडलेलं. पाटाचं पाणी वर्षानुवर्षं दिलं, निचरा नाही, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. मिरज-वाळवा पट्ट्यात कुणाला नवीन नाही हे. तिनं माती पाण्यात ढवळली, गाळली, कागद बुडवला. कागद पिवळाच. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाली, “सर, प्रयोग फसला. आमचं रान खराब आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे, पण हळदीला कळत नाही.”

हे वाक्य ऐकून मी खूश झालो, कारण त्यात सगळं आलं. हळद ओळखते आम्लारी. साधं मीठ ना आम्ल, ना आम्लारी. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, पण सामू (पीएच) साधारण 8.5 च्या खाली राहतो. चोपण जमीन निराळी, तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि सामू 8.5 च्या वर जातो. दोन्हींचे उपायही वेगळे. चोपणाला जिप्सम लागतं, नुसत्या क्षारपडाला निचरा आणि धुऊन जायला पाणी. क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज जास्त वाहते, म्हणून मग आम्ही एक बॅटरी, दोन तारा आणि एलईडी घेतला. विहिरीच्या पाण्यात तारा बुडवल्या तर दिवा जेमतेम मिणमिणला, तिच्या रानातल्या मातीच्या पाण्यात झक्क पेटला. तिचे वडील ते बघायला शाळेत आले. जिप्समचं पोतं आणण्याआधी माती परीक्षण करून घेतो म्हणाले.

मिरजेचं थोडक्यात सांगतो. ध्वनीचा धडा आम्ही सतारमेकर गल्लीत घेतो. पोरं फूटपट्टी घेऊन जातात. मोकळी तार षड्ज धरून मोजायची, मग तिच्या वरच्या षड्जाच्या पडद्यापासून घोडीपर्यंत, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीपर्यंत, मोजायची. बरोब्बर अर्धी भरते. पंचमाला दोन तृतीयांश. जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर नीट घुमावा म्हणून, कारागीर घोडीचा माथा कानसेनं इतका हलका घासतात की पोरांना दिसत काही नाही, ऐकू मात्र येतं.

देणगीदारांना एक स्पष्टच बोलतो, रागावू नका. कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामाला, द्यावे लागतात, आणि ते पैसे येतात याचा आनंदच आहे. पण त्यातून दुर्बीण येते, रोबोटचा संच येतो, फलक लागतो, फोटो होतो. सेल संपले की नवे आणायला तरतूद नसते. आम्हाला लागतात ते सेल, तारा, गाळणकागद, शिक्षकांचं एसटीचं भाडं आणि पेटी दुरुस्त करणाऱ्याचा पगार. यातल्या कशावरच नाव कोरता येत नाही, हे खरं.

आता कामाचं. मे महिन्याच्या 6-7 तारखेला सांगलीत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. बाराला नव्हे, 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमारास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण साडेचौऱ्याहत्तरवर. ऑगस्टमध्ये परत एकदा येतो, पण तेव्हा ढग. त्या दुपारी साताऱ्यात मात्र मीटरभर काठीची सावली दीडेक सेंटिमीटर पडते. उत्तर-दक्षिण अंतर साधारण 93 किलोमीटर. सावलीवरून सूर्य किती अंश कलला ते कळतं, आणि तो कोन पूर्ण वर्तुळाचा जेवढा भाग, तेवढाच भाग हे अंतर पृथ्वीच्या घेराचा. एवढ्यावर तो घेर काढता येतो, 40 हजार किलोमीटरच्या आसपास. मेख अशी की सूर्य म्हणजे ठिपका नाही, त्यामुळे सावलीची कड धूसर असते आणि मोजण्यात एक मिलिमीटर चुकला तरी उत्तर अडीच हजार किलोमीटरनं हलतं. काठी उंच घेतली तर सावली वाढते, पण धूसर कडही तेवढीच रुंदावते. यावर काय करायचं, त्याची पोरांची वादावादी आत्तापासून सुरू आहे. कुणी म्हणतं टोकाला भोक पाडलेला पुठ्ठा लावू, कुणी म्हणतं दहा जणांनी मोजून सरासरी काढू.

शाळांना तेव्हा सुट्टी असते. सांगलीत एक आणि साताऱ्यात एक अशा दोन मोकळ्या गच्च्या हव्यात, पाण्याच्या टाकीची सावली येणार नाही अशा. काठी सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबे गवंड्याकडून आणलेत. गच्ची कुणाची आहे, त्यांनी जाताना दाराशी बसलेल्या बाईंकडे नाव द्यावं.