खाल्लं मीठ आणि विमानाचा नंबर

मंडळी, एका ख्रिसमसच्या झाडापासून सुरुवात करतो.

डिसेंबर २०१७ ची सुरुवात. फ्लोरिडातल्या टॅलाहासी गावात एका घरासमोर, कचऱ्याची गाडी थांबते तिथे, ख्रिसमसचं झाड टाकलेलं. कुणीतरी फोटो काढून ट्विटरवर चढवला. अमेरिकेत हे झाड बाहेर टाकतात ते सण उरकल्यावर, जानेवारीत. गणपती बसायच्या आधीच कुणी मखर मोडून अंगणात टाकलं, तर शेजारीपाजारी काय म्हणतील? तसंच झालं. घर होतं जिम्बो फिशरचं, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचं. (फुटबॉल म्हणजे त्यांचा, अमेरिकन फुटबॉल.) २०१३ च्या हंगामात यानंच विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेलं. चाहत्यांनी त्या झाडावरून निदान केलं: गडी नाताळाला इथे नसणार. आणि नव्हताच. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार देऊन त्याला उचललं.

(हशा) हसताय, पण माझ्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्यानं इतक्या कमी पुराव्यावरून इतका बरोबर निष्कर्ष काढला असता, तर मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

मी टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला बरीच वर्षं शिकवत होतो. तिथे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखं काहीतरी असेल. मित्र येणार, टाळ्या वाजवणार. तिथे शनिवारी लाखभर माणूस स्टेडियममध्ये! मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. अलाबामा, मिसिसिपी या राज्यांत व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच गावचा देव आणि तीच जत्रा. अनेक राज्यांमध्ये सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा कोच. राज्यपाल नाही, कुलगुरू नाही. म्हणून तो गाव सोडून गेला की लोक ‘नोकरी बदलली’ म्हणत नाहीत. ‘खाल्ल्या मिठाला जागला नाही’ म्हणतात.

आता इमानाचं बोलायचं तर आधी खोट्याचं बोललं पाहिजे. या धंद्यात कोचला खोटं बोलावंच लागतं, आणि त्याचं कारण कॅलेंडरमध्ये आहे. हंगामाचे साखळी सामने नोव्हेंबरअखेर संपतात. ज्यांनी आपल्या कोचला हाकललं ती विद्यापीठं त्याच आठवड्यात नवा कोच शोधतात. आणि डिसेंबर उजाडताच शाळकरी खेळाडू कोणत्या विद्यापीठात जाणार त्या कागदावर सह्या करतात. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी सोफ्यावर बसून, त्याच्या आईला ‘तुमच्या मुलाला मी सांभाळीन’ असा शब्द दिलेला कोच ‘बघू, अजून ठरलं नाही’ एवढं जरी जाहीरपणे म्हणाला, तरी ते पोर दुसरीकडे सही करून मोकळं होतं. म्हणजे जायचं असो की राहायचं असो, उत्तर एकच: ‘मी कुठेही जात नाही.’ दोन्ही वेळा तेच वाक्य येत असेल तर त्या वाक्याला किंमत किती? शून्य. मग लोक माणसाच्या तोंडाकडे बघायचं सोडून देतात आणि त्याच्या कचऱ्याकडे बघायला लागतात.

निक सेबनचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचा कोच असताना २१ डिसेंबर २००६ ला त्यानं सांगितलं, मी अलाबामाचा कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ ला तो अलाबामाचा कोच झाला. पुढे तिथे सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. त्या दोन आठवड्यांपूर्वीच्या वाक्याबद्दल अलाबामात कधी कुणी तक्रार केल्याचं माझ्या कानावर नाही. आपल्याकडे आला तो ‘घरी परतला’, आपल्याकडून गेला तो ‘फितूर’. पक्षांतराचं हे व्याकरण तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. (हशा)

पण माझा आवडता नमुना लिंकन रायली, ओक्लाहोमाचा कोच. २७ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री, ओक्लाहोमा विद्यापीठ सामना हरल्यानंतर, पत्रकारांनी त्याला एलएसयूबद्दल, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाबद्दल विचारलं. सगळ्या वावड्या त्याच दिशेला उडत होत्या. तो ठामपणे म्हणाला, मी एलएसयूचा पुढचा कोच होणार नाही. दुसऱ्या दिवशी तो कॅलिफोर्नियात, यूएससीला, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात! वाक्याचा शब्दन् शब्द खरा. याला आपल्याकडे फार जुनं नाव आहे: नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ त्या एका वाक्यानं जमिनीला टेकला म्हणतात. रायलीचं विमान मात्र व्यवस्थित उडालं.

विमानाचा विषय निघालाच आहे. छोट्या खाजगी विमानाच्या शेपटीवर नोंदणी क्रमांक असतो आणि ते कुठून कुठे गेलं हे इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. नोव्हेंबरअखेर दक्षिणेतली सज्ञान, संसारी माणसं रात्रभर ते ठिपके बघत बसतात. कुठल्या बड्या देणगीदाराचं विमान, ते कुठल्या गावी उतरलं, किती वेळ थांबलं. वेडेपणा वाटतो, पण ही सवय लागायला कारण आहे.

१९९८ साली मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला, ओल मिस म्हणतात त्या विद्यापीठात, टॉमी टबरव्हिल कोच होता. तो म्हणाला होता, मला इथून न्यायचं तर लाकडी पेटीतूनच न्यावं लागेल. म्हणजे तिरडीवरूनच. काही दिवसांतच तो आपल्या पायांनी चालत ऑबर्न विद्यापीठात गेला. इथवर तो खलनायक. आता पुढचं ऐका. नोव्हेंबर २००३ मध्ये, ऑबर्नचा अलाबामाविरुद्धचा सामना दोन दिवसांवर असताना, ऑबर्नचेच अध्यक्ष आणि बडी मंडळी एका विमानात बसून लुईव्हिल विद्यापीठाच्या कोचला, बॉबी पेट्रिनोला, गुपचूप भेटायला गेली. टबरव्हिलला पत्ता नाही. लुईव्हिलच्या वर्तमानपत्रानं विमानाच्या नोंदी काढल्या आणि भांडं फुटलं. चाहते टबरव्हिलच्या बाजूनं उभे राहिले, नोकरी वाचली, आणि पुढच्या हंगामात त्याचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकला. मालकानंही मीठ खाल्लेलं असतं, हे त्या एका वेळी लोकांना दिसलं. एरवी दिसत नाही. सहा सामने हरलेल्या कोचला काढताना ‘निष्ठा’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही, तेव्हा ‘निकाल’ येतो. फिशरलाही टेक्ससवाल्यांनी २०२३ मध्ये काढलंच. कराराप्रमाणे साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागत होतं, तरी काढलं.

(श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे अफवा खऱ्याच निघतात?) नाही हो. आमच्या टेनेसीचंच सांगतो. व्यावसायिक फुटबॉलमधला नावाजलेला कोच जॉन ग्रुडेन टेनेसीला येणार, ही पुडी तिथे वर्षानुवर्षं सुटायची. दर वेळी कोचची जागा रिकामी झाली की ग्रुडेन कुठल्या ना कुठल्या हॉटेलात दिसलेला असायचा. या अफवांना लोकांनी ‘ग्रूमर्स’ (ग्रुडेन अधिक रूमर्स) असं लाडकं नावही ठेवलं होतं. ग्रुडेन आला नाही. आणि २६ नोव्हेंबर २०१७ ला विद्यापीठानं ग्रेग शियानोला कोच म्हणून आणायचं ठरवल्याची बातमी फुटली, तेव्हा काही तासांत ट्विटर पेटलं, आवारातल्या मोठ्या खडकावर लोकांनी रंगानं आरोप लिहिला, राजकारणी उतरले, आणि संध्याकाळपर्यंत करार मोडला. आरोप होता पेन स्टेट विद्यापीठातल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणाबद्दल शियानोला माहिती असल्याचा. तो आला होता एका साक्षीतून, तोही ‘अमक्यानं मला सांगितलं’ अशा ऐकीव स्वरूपात. शियानोनं तो नाकारला होता. माझ्या ओळखीच्या अनेकांना तो कोच म्हणूनच नको होता, आरोप फक्त हाताशी आला. हे मला आजही खुपतं. विमानाचा ठिपका चुकला तर कुणाचं काही जात नाही. हे तसं नव्हतं.

आता लेन किफिन, आमच्या टेनेसीचाच एक जुना कोच. जानेवारी २०१० मध्ये तो एकाच हंगामानंतर टेनेसी सोडून यूएससीला गेला, तेव्हा नॉक्सव्हिलला विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गादी जाळली. फुटबॉलच्या कोचसाठी गादी जाळतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे तो ओल मिसला स्थिरावला. २०२२ च्या नोव्हेंबरात एका स्थानिक वार्ताहरानं बातमी दिली की तो ऑबर्नला चालला. किफिननं ट्विटरवरच त्याची टर उडवली, आणि राहिला. ऑक्सफर्डच्या लोकांना वाटलं, या खेपेला माणूस आपला आहे.

३० नोव्हेंबर २०२५. ओल मिसचे अकरा विजय, एक पराभव, विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच राष्ट्रीय बाद फेरीचं दार उघडलेलं. आणि किफिन एलएसयूला निघाला. बाद फेरीपुरता तरी राहू द्या, अशी त्याची इच्छा होती. विद्यापीठानं नाही म्हटलं. विमानतळाच्या कुंपणापाशी जमलेल्या लोकांनी त्याला शिव्यांनी निरोप दिला. गंमत बघा, एलएसयूची जागा रिकामी झाली होती कारण त्यांनी महिन्याभरापूर्वी ब्रायन केलीला काढलं होतं. आणि हा केली २०२१ मध्ये एलएसयूला आला तो नोटर डेम विद्यापीठ सोडून, संघाचे अकरा विजय, एक पराभव असताना! आकडासुद्धा तोच.

दोन्ही ठिकाणी मागे राहिलेल्या मदतनीसाला कोच केलं. नोटर डेमला मार्कस फ्रीमन, ओल मिसला पीट गोल्डिंग. फ्रीमननं संघाला २०२४ च्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत नेलं. गोल्डिंगच्या संघानं १ जानेवारी २०२६ ला जॉर्जियाला हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. लगेच फ्रीमनसारख्यांचीही नावं दर हिवाळ्यात वावड्यांत यायला लागली, ते ओघानं आलंच.

किफिन गेला त्या रात्री नॉक्सव्हिलहून माझ्या जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला. वय ऐंशीच्या घरात, टेनेसीचे कट्टर. म्हणाले, ‘प्रोफेसर, आयुष्यात पहिल्यांदा मला ओल मिसवाल्यांची दया आली.’ जरा थांबले. ‘पण फार नाही. पंधरा वर्षं आम्ही त्यांना सांगत होतो.’