गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, मग भरपाई कोण देणार?

(दृश्य: नागपूर-पांढुर्णा रस्ता, दोन्ही बाजूला शेतं, चालत्या गाडीच्या काचेतून)

तारीख १८ डिसेंबर १९६०. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम साडेसात महिने झालेत, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलंय, पण नागपूरशी येणंजाणं रोजचंच. एक कार नागपूरहून पांढुर्ण्याला निघालीय. गाडी रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची, चालवतोय कंपनीचा मॅनेजर, आणि सोबत एक ओळखीचे गृहस्थ बसलेत ज्यांचा कंपनीशी नोकरीचा काही संबंध नाही, आपण कसं म्हणतो ना, चला त्याच बाजूला चाललोय तर बसा गाडीत, तसंच.

गाडी रस्ता सोडून उजवीकडे गेली, म्हणजे चुकीच्या बाजूला, आणि झाडावर आदळली. इतकी जोरात की झाड उखडलं. सोबत बसलेले गृहस्थ गेले.

त्यांच्या बायको-मुलांनी भरपाईचा दावा लावला, आणि मग जे झालं ते आजही कुठल्याही अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे एमएसीटीत जाऊन बसलात तर तुम्हाला ऐकायला मिळेल. कंपनीचं म्हणणं असं की मॅनेजरला गाडी कामासाठी दिली होती, लोकांना लिफ्ट द्यायला नाही, त्याने परस्पर कोणाला बसवलं त्याला आम्ही काय करणार. ट्रायब्युनलने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, सुमारे ३१ हजार रुपये. हायकोर्टाने तो उलटवला, कंपनी मोकळी. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात, आणि तिथे निकाल लागला १९७७ साली. सोळा वर्षं! सुरुवातीला लहान असलेली मुलं तोवर कॉलेजात जातात.

पण निकाल काय लागला ते बघा, कारण आजचे कितीतरी निकाल त्याच्यावर उभे आहेत. कोर्ट म्हणालं, प्रवासी कोण होता हा प्रश्नच नाही, गाडी कोणाच्या कामाला चालली होती ते सांगा. मॅनेजर कंपनीच्या कामावर होता, गाडी कंपनीची होती, निष्काळजीपणे त्याने चालवली, झालं, कंपनी जबाबदार. आणि निष्काळजीपणाचा पुरावा? अपघात होताना बघणारा कोणी नव्हता, पण कोर्टाचं म्हणणं साधं होतं, नीट चालवलेली गाडी उगाच रस्ता ओलांडून झाडावर जात नाही, तेव्हा काय झालं ते कंपनीनेच समजावून सांगावं. विमा कंपनीच्या माथी त्यातले फक्त १५ हजार आले, कारण पॉलिसीत प्रवाशासाठी मर्यादा तेवढीच होती, उरलेले मालकाच्या खिशातून.

मला विचाराल तर न्याय याच्यातच आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा नफा ज्याच्या गल्ल्यात जातो त्याने तिचा धोकाही घ्यायचा. ड्रायव्हरकडून वसूल करा म्हणणं सोपं आहे पण महिन्याला जेमतेम घर चालवणारा माणूस पंचवीस-तीस लाख आणणार कुठून.

आता उलटा निकालही आहे आणि तो माहीत असलेला बरा. अहमदाबाद, १९४०. मालकाने टॅक्सी धंद्यासाठी एकाच्या ताब्यात दिली. टॅक्सी हातात आली ती क्लीनरच्या, कशासाठी तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या टेस्टसाठी, आणि त्यात एक माणूस जखमी झाला. सुप्रीम कोर्टात १९६६ ला बहुमताने ठरलं की मालक जबाबदार नाही, कारण क्लीनरची टेस्ट हे काही मालकाचं काम नव्हतं. एका न्यायमूर्तींचं मत मात्र वेगळं होतं. म्हणजे रेघ आहे, पण ती कुठे ओढायची यावर न्यायमूर्तींचंसुद्धा एकमत होत नाही, तर तुमचं आमचं काय.

(दृश्य: मालवाहू टेम्पो, हौद्यात माणसं उभी, एका हातात स्टीलचा डबा)

हे दृश्य तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शेठचा टेम्पो, दुपारी सिमेंट टाकून रिकामा परत चाललाय, ड्रायव्हरच्या गावाकडची चार माणसं हौद्यात चढली, किंवा सरळ लग्नाचं वऱ्हाडच. इथे गोम आहे. मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशासाठी विमा कंपनीला पैसे भरावे लागत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलंय. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालासोबत असेल तर त्याला संरक्षण आहे, वऱ्हाडाला नाही. मालक मात्र सुटत नाही! म्हणजे विमा भरलाय म्हणून निवांत झोपलेला शेठ सकाळी उठतो तेव्हा सगळा बोजा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

लायसन्सचंही तसंच. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणापासून पद्धत पडली की लायसन्समध्ये खोट निघाली तरी बाहेरच्या जखमी माणसाला विमा कंपनीने आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, पण मालकाने स्वतः दुर्लक्ष केलं होतं हे विमा कंपनीला दाखवावं लागतं. मालकाने ड्रायव्हर ठेवताना लायसन्स बघितलं, गाडी चालवून घेतली, वरकरणी सगळं ठीक वाटलं, तर नंतर ते बनावट निघालं म्हणून त्याला धरत नाहीत. पण मुदत कधीच संपलेलं लायसन्स आणि शेठने दोन वर्षं बघितलंसुद्धा नाही, तिथे काय सांगणार?

बरं, गाडी भाड्याची असली तर? राजस्थानच्या एसटी महामंडळाने खाजगी मालकाची बस भाड्याने घेतली होती, ड्रायव्हर त्या मालकाचा. महामंडळ म्हणालं, तो आमचा नोकर नाही. १९९७ ला कोर्टाने ऐकलं नाही, कारण बस कुठे थांबवायची, कोणाला घ्यायचं, हे सगळं महामंडळाच्या हुकमाने चाललं होतं. ऑफिसची कॅब व्हेंडरची आहे म्हणून हात झटकणाऱ्या कंपन्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

आतापर्यंत बाहेरच्या माणसाचं झालं. स्टिअरिंगवर बसलेल्याचं काय?

(दृश्य: बेस्टची लाल बस, अंधेरी, संध्याकाळ)

जुलै १९५७. बेस्टच्या एका ड्रायव्हरची ड्युटी संपली आणि घरी जायला तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला, युनिफॉर्ममध्ये असला की तिकीट नाही अशी सोय होती. अंधेरीत ती बस रस्त्यात उभ्या लॉरीवर आदळली आणि तो गेला. बेस्टने सांगितलं, ड्युटी संपली होती. सुप्रीम कोर्ट १९६३ ला म्हणालं की मुंबईसारख्या शहरात ड्रायव्हर वेळेवर पोचावा, ताजातवाना राहावा म्हणूनच ही सोय आहे, म्हणजे तो प्रवास नोकरीचाच भाग. पत्नीला भरपाई मिळाली. कामावर असताना मेलेल्या किंवा जखमी झालेल्या ड्रायव्हरला कामगार भरपाईचा हक्क आहे आणि तिथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे कितीतरी ड्रायव्हरना सांगितलंच जात नाही.

पोलीस केसचं गणित वेगळं. भरपाई मालकाची, पण गुन्हा ड्रायव्हरवर. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर आधी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत गेली. अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षं असं जे कलम होतं त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर संपावर गेले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल, आणि ते कलम लागू करायचं थांबवलं गेलं.

आणि मग शेठ म्हणतो, बंपर गेला, हेडलाइट गेली, पगारातून कापतो. कापता येतं, पण असंच नाही. निष्काळजीपणामुळेच नुकसान झालं असलं पाहिजे, ड्रायव्हरला आधी आपलं म्हणणं मांडू द्यायला हवं, नुकसानीपेक्षा जास्त कापायचं नाही आणि सगळ्या कपाती मिळून साधारणपणे पगाराच्या निम्म्यावर जायच्या नाहीत.

अडचण एवढीच की पगार रोखीत, नेमणूकपत्र नाही, आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो हा आमचा माणूसच नाही. तेव्हा घरच्यांनी जमवायचं ते हे: ट्रिप शीट, बिल्टी म्हणजे मालवाहतुकीची पावती, डिझेलच्या पावत्या, टोलचे मेसेज, आणि शेठने "कुठे पोचलास" असं विचारलेले फोनमधले व्हॉट्सॲप मेसेज. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर, नाव कोणाचं आहे ते आधी बघायचं. आणि २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात एमएसीटीतल्या दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलीय, तेव्हा दिवसकार्य उरकलं की वकिलाकडे जायचं, वर्षश्राद्धाची वाट बघायची नाही.