कामाला काठ हवा

(दापोली तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी सात-आठजण तरी माझ्यासारखे दिसतायत: कंपनी पुण्या-मुंबईची आणि टेबल आपल्या माजघरात. तुमच्यासोबत आईवडीलही आलेत, हे फार बरं झालं. आजचा विषय अर्धा त्यांचाही आहे.

मार्च 2020 मध्ये, टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात मी गावी आलो. पहिले दोन महिने सकाळी आठला लॅपटॉप उघडायचा आणि रात्री दहाला मिटायचा. आपण केवढं काम करतोय, असं वाटायचं. मग 3 जून आला. निसर्ग वादळाची ती दुपार इथल्या कुणाला सांगायला नको. माडपोफळी आडव्या, कौलं उडालेली, विजेचे खांब रस्त्यावर. आमच्या वाडीत पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. सुरुवातीचे दिवस झाडं तोडण्यात आणि छपरावर ताडपत्री बांधण्यात गेले. रेंज परत आली, तीही फक्त वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर. मग शेजारच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करायचा आणि पावसात सड्यावर मित्राच्या रिक्षात बसून काम करायचं, असं सुरू झालं. बॅटरी चालायची जेमतेम तीन तास. म्हणून निघण्याआधी कागदावर लिहायचो, आज काय झालंच पाहिजे. तेवढंच उघडायचं, बाकी मेल, गप्पांचे ग्रुप सगळं बंद.

त्या तीन तासांत माझं जवळजवळ सगळं काम व्हायचं. मी हादरलो. मग आधीचे दहा-अकरा तास जात कुठे होते?

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने 1955 साली 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. जेवढा वेळ हाताशी असेल तेवढ्यात काम पसरतं, असं त्याचं म्हणणं. त्याने दाखला दिला तो एका निवांत म्हाताऱ्या बाईंचा. भाचीला एक पोस्टकार्ड धाडायला त्यांचा अख्खा दिवस जातो. ऑफिसात निदान डब्याची वेळ असते, शेवटची बस असते, शिपाई दिवे मालवतो. घरात कामाला असा काठच नसतो.

वीज आली आणि माझं काम पुन्हा पसरलं. एका दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर तीन वाजून गेलेले. आई भिंतीला टेकून बसली होती. समोर दोन ताटं, दोन्हींवर झाकण. भातावरच्या कुळथाच्या पिठल्यावर साय धरली होती. "पाच मिनिटांत येतो म्हणालास," एवढंच ती बोलली. ते मी एक वाजता म्हटलं होतं.

आमच्या खालच्या वाडीतल्या एक काकी कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला समुद्रकाठच्या खडपात जातात. त्यांचा हिशोब तुम्हालाही ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नवाच्या आसपास ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे. पाणी मागे गेलं की उतरायचं, आणि फिरलं की टोपली अर्धी असली तरी उठायचं. मी विचारलं, समोर आणखी दोन कालवं दिसत असली तर? म्हणाल्या, "ती उद्या पन तिथंच असनार, बाबा." त्या वाक्याने मला उठायला शिकवलं.

आता माझं अवघड काम सकाळी साडेसहा ते नऊ. घर शांत असतं, डोकं ताजं असतं. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून 25 मिनिटं काम आणि थोडी विश्रांती, अशी रीत काढली. सुरुवात जमत नसेल तर ती जरूर करून बघा. मला कोड लिहिताना पंचवीस कमी पडतात, मी पन्नास घेतो.

घरच्यांशी करार टॉवेलचा. माजघराच्या दारावर टॉवेल टाकलेला असला की हाक मारायची नाही. बाबांना बरं नसलं किंवा गाय सुटली, तर टॉवेल बघायचा नाही. एक वाजता जेवायला आणि संध्याकाळी साडेसहाला टॉवेल निघालाच पाहिजे, ती जबाबदारी माझी. आईवडिलांना हात जोडून सांगतो, पोरगं घरात दिसतं म्हणजे बँकेत पाठवायला मोकळं आहे असं धरू नका. सुनेच्या बाबतीत तर हे दुप्पट लक्षात ठेवा. तिच्या दारावर कुणी टॉवेल टाकूच देत नाही.

साडेसहानंतर फोन उचलणार नाही, हे साहेबांना सांगायला मला आठ महिने लागले. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग तुमची सकाळची वेळ कळवा, तेव्हा मीटिंग लावत नाही."

प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी, सुनेचा विषय निघाला तेव्हा, हात वर केला होता. आधी त्या बोलू देत.