दहा मिनिटांचा बोर्ड

(पडद्यावर: जुना, हललेला फोटो. गर्दीत एक सावळा माणूस पुठ्ठा धरून उभा.)

फोटोतला हा माणूस मी आहे, आणि हातातला बोर्ड माझा नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, कारण हा फोटो बघून घरच्यांनी मला भरपूर पिडलंय.

१२ सप्टेंबर २००९, शनिवार, वॉशिंग्टन डीसी. मी तेव्हा नदीपलीकडे व्हर्जिनियात राहायचो, एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. त्या दिवशी अमेरिकन इंडियन लोकांचं म्युझियम बघायला म्हणून निघालो होतो, मेट्रोतून वर येतो तर काय, अख्खा पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू माणसांनी भरलेला, निम्म्या टोप्यांना टी-बॅगा लोंबतायत, हो, चहाच्याच, त्या डिप-डिपवाल्या, आणि जिकडेतिकडे पिवळे झेंडे, त्यावर वेटोळं घालून बसलेला साप आणि खाली 'माझ्यावर पाय देऊ नका'. क्षणभर वाटलं इथे नागपंचमी उशिरा येते की काय.

तर हे टी पार्टीवाले. टी-ई-ए म्हणजे 'टॅक्स्ड इनफ ऑलरेडी', बास झाला टॅक्स, अशी त्यांनी फोड केलेली. आधी १५ एप्रिलला, म्हणजे तिकडे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, देशभर शेकडो ठिकाणी निदर्शनं झाली होती. त्या दिवशी कुणीतरी व्हाइट हाउसच्या कुंपणावरून टी-बॅगांचं पुडकं आत फेकलं आणि ते तपासायला सिक्युरिटीवाल्यांनी रोबो पाठवला. चहासाठी रोबो.

(पडद्यावर: बॉस्टन बंदराचं जुनं चित्र.)

मूळ टी पार्टी १७७३ ची. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत, आणि १६ डिसेंबरच्या रात्री चिडलेल्या लोकांनी बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात टाकल्या. चहा कुणाचा, तर ईस्ट इंडिया कंपनीचा, आणि ही कंपनी कोण ते आपल्याला सांगायला नको. तिकडे पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून होऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि राघोबादादा पुढे ज्या कंपनीच्या दारात गेले तीच ही. आता गंमत बघा, कंपनी तेव्हा कर्जात बुडालेली, लंडनच्या गोदामात चहा पडून, म्हणून पार्लमेंटने तिला वाचवायला जो कायदा केला त्याने तिचा चहा उलट स्वस्त होत होता. पौंडामागे ३ पेन्सचा जुना टॅक्स तेवढा तसाच ठेवला. भडका उडाला तो त्यावरून, की आमचा एकही माणूस तुमच्या पार्लमेंटात नाही तर टॅक्स कसला घेता, आणि थोडा यावरून पण की स्मगलिंगच्या चहावर जगणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, पण हे बोर्डावर कोण लिहिणार.

बोर्डांकडे येतो. मी पुण्याचा, त्यामुळे पाटी बघितली की मार्क द्यायची सवय. एक मला खरंच आवडली: 'तुझ्या घराचा हप्ता मी भरत असेन तर हॉर्न वाजव'. आपल्या ट्रकमागे शोभेल अशी. राग समजण्यासारखाही होता, २००८ ला बँकांसाठी ७०० अब्ज डॉलर काढले, मग २००९ च्या फेब्रुवारीत ७८७ अब्जांचं स्टिम्युलस, म्हणजे मंदीतून बाहेर काढायचं सरकारी पॅकेज, आलं, वर हप्ते थकलेल्यांना मदत, आणि शिकागोच्या बाजारात उभं राहून रिक सँटेली नावाचा टीव्ही रिपोर्टर त्यावरूनच भडकला, टी पार्टी करूया म्हणाला, तिथून हे पेटलं. दुसरी बरी पाटी: 'माझा पैसा माझ्याकडे राहू दे, चेंज तुम्ही ठेवा'. राष्ट्राध्यक्ष ओबामांचं निवडणुकीतलं 'चेंज' आणि सुट्टे पैसे, दोन्ही एका दगडात.

बाकीच्यांना काठावर पास. ओबामांना जोकरचा मेकअप करून खाली 'सोशॅलिझम'. जन्मदाखला दाखवा, म्हणजे ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत असा संशय. यात टॅक्स कुठाय? शोधत होतो मी. आणि मेडिकेअरला हात लावू नका असंही, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्य विमा, जो चालतोच टॅक्सवर. साउथ कॅरोलायनात तर एकाने आपल्या खासदाराला भर सभेत सुनावलं होतं की सरकारचे हात माझ्या मेडिकेअरपासून लांब ठेवा. खासदाराने समजावलं, की अहो ते सरकारच देतं, पण ते काही त्यांना पटलं नाही.

त्यातून टॅक्स त्या वर्षी कमी झाला होता. स्टिम्युलसमध्येच एकट्याला ४०० आणि जोडप्याला ८०० डॉलरची सूट होती, एप्रिलपासून पगारातच कमी कापायला लागले, आठवड्याला दहा-बारा डॉलर जास्त हातात. मुद्दाम असं बारीक बारीक दिलं, एकदम चेक दिला तर लोक बँकेत टाकून बसतील म्हणून. झालं काय, कुणाला कळलंच नाही. मलाही कळलं नव्हतं, नंतर पेस्लिपा काढून बघितल्या तेव्हा दिसलं.

तर तो बोर्ड. सत्तरीचे एक आजोबा, म्हणाले जरा धरतोस का, पाणी घेऊन येतो. मी धरला. मागून पिझ्झाचा खोका होता, तेलाचा डाग तसाच. पुढे मार्करने 'प्रतिनिधित्व नाही तर टॅक्स नाही', पण अक्षरं सुरुवातीला एवढी मोठी काढलेली की रिप्रेझेंटेशन लिहिताना जागा संपली आणि शेवटची चार मुंग्यांसारखी कडेने खाली उतरलेली. दहा मिनिटं ते धरून मी उभा. पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५, वर इन्कम टॅक्स, आणि मत शून्य. आजोबा दोन बाटल्या घेऊन आले, एक मला दिली, भला माणूस. मी म्हटलं मी पण टॅक्स भरतो, पण मला मत नाही. ते म्हणाले, सिटिझन झालास की ये.

(पडद्यावर: गाडीची नंबरप्लेट, अगदी जवळून.)

बाजूच्या गल्लीत पार्क केलेल्या गाड्यांच्या प्लेटवर जवळपास बोर्डावरचंच वाक्य छापलेलं, सरकारी छपाईत: 'टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन'. डीसीच्या तेव्हाच्या जवळपास सहा लाख लोकांना टॅक्स होता, पण काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत, मत देऊ शकेल असा खासदार नव्हता, म्हणून २००० पासून प्लेटवरच तक्रार. मोर्चा तिच्या शेजारून गेला. तिचा फोटो काढताना कुणी दिसलं नाही.

नंतर वीस लाख लोक आले होते म्हणून एक फोटो फिरला. फायर डिपार्टमेंटचा अंदाज साठ-पंच्याहत्तर हजारांचा. फोटो जुना निघाला, कारण मी बघायला निघालो होतो ते २००४ ला उघडलेलं म्युझियमच त्यात नव्हतं.

आणि टेक्सासचे तेव्हाचे खासदार केव्हिन ब्रेडी, स्टिम्युलसच्या विरोधात मत दिलेले, ज्यात मेट्रोसाठी पण पैसे होते, त्यांनी मोर्च्यानंतर मेट्रोला पत्र लिहिलं की आमच्या लोकांसाठी पुरेशा गाड्या का नाही सोडल्या.

तक्रार खरी होती हो. मी पण त्याच प्लॅटफॉर्मवर होतो, दोन गाड्या सोडल्या. तिसरीत कसाबसा घुसलो, एक टी-बॅगवाली टोपी थेट नाकासमोर, आणि सकाळपासून मी चहा घेतला नव्हता.